एकूण उजेड

एकही तारा सुटा दिसत नाही.
इतक्या लांबचा गुच्छ, पडद्यावर नुसता डाग,
पिठाचं बोट काचेला लागावं तसा.
लडाखच्या डोंगरावर त्याचा सगळा उजेड
एका फटीतून आत घेतला,
आणि इथे कुलाब्यात, समुद्राकडे पाठ करून
मी तो निळ्यापासून तांबड्यापर्यंत उलगडून बसलेय.

मधे मधे काळ्या खाचा.
ही मॅग्नेशियमची, ह्या दोन लोखंडाच्या.
सोडियमच्या जोडीवर माझा विश्वास नाही,
वाटेतला वायूही तिथेच सही करून जातो.
हायड्रोजनची खाच खोल आहे.
खोल म्हणजे गुच्छ तरुण.
झरीन म्हणते, दोन अब्ज वर्षं, लिहून टाक.

मी लिहीत नाही.
लाखभर म्हाताऱ्या ताऱ्यांत दोन-तीनशे जरी
उतरणीला लागल्यावर पुन्हा निळे पेटलेले निघाले,
तरी बेरीज तरुण येते.

अप्पा माझगावच्या सबस्टेशनला होते.
दर अर्ध्या तासाला काटा वाचायचा,
रजिस्टरात आकडा टाकायचा.
एकाही घराचा दिवा तिथून दिसत नसे.
पण रमजानात साडेतीनला काटा चढला की म्हणत,
उठले लोक सहरीला.
मार्चमध्ये बारानंतरही उतरला नाही, तर दहावी.
एकदा काटा एकदम पडला.
"मॅच हरलो," म्हणाले,
आणि तिथे रेडिओसुद्धा नव्हता.

परवा त्यांना आलेख दाखवला.
चष्मा कपाळावर सरकवून
खाचांवरून नख फिरवत गेले.
"कुठे पडलाय ते दिसतं. का पडलाय?"
म्हटलं, तिथेच अडलंय.
"अडणारच. वीस अँपिअर म्हणजे दोन गीझर,
नाहीतर अख्ख्या चाळीचे पंखे.
काटा दोघांनाही वीसच म्हणतो."
मग तुम्ही काय करायचात?
"सायकल काढून बघून यायचो."

निवृत्त होताना एक रजिस्टर ते घरी घेऊन आले,
कुणाला न विचारता.
एकोणीस ऑगस्ट, रात्रपाळी.
दोन वाजता एकशे बारा.
अडीचला एकशे बारा.
तीनला एकशे बारा.
त्या दोन आणि अडीचच्या मधे
आमच्या खोलीतले सगळे दिवे लागले होते,
शेजारच्या डिमेलोंचेही, जिन्यातलाही,
आई गेली तेव्हा.
पानावर काही नाही.
अक्षराचं वळणसुद्धा ढळलेलं नाही.
सकाळी सातला ते घरी आले,
हातात नेहमीचे पाव.

पावणेदोन झालेत. एसी गुरगुरतोय.
आभाळाचा स्वतःचा उजेड वजा करून झाला,
वयाचा रकाना तेवढा राहिलाय.
मी लिहिते: दोन अब्ज, किंवा बारा.
झरीनला तो 'किंवा' आवडणार नाही.
खाली, बारीक अक्षरात, मराठीतच:
जाऊन पाहिलेलं नाही.