दोन ठोके आधी

साडेपाचची बॅच.
गावभागात, तालमीच्या मागच्या हॉलचं शटर
खांदा लावून वर ढकलते.
आधी पंखे, मग स्पीकर,
ट्यूबलाईट तिसऱ्या प्रयत्नात.

पुण्यात तीन महिने शिकून आले होते,
सर्टिफिकेट लॅमिनेट करून खिळ्याला टांगलं.
आठच्या मोजणीत सगळं बसतं असं वाटायचं तेव्हा,
गुडघा, कंबर, महिन्याची फी.

पहिलं वर्षभर आरशाकडे बघत शिकवलं.
माझा घाम, माझी पोनीटेल,
माझं ठोक्यावर पडणारं पाऊल.
मागे पंधराजणी भलत्याच गाण्यावर,
आणि मी ओरडतेय, "एनर्जी! एनर्जी!"
जशी काही ती त्यांच्या पर्समध्ये होती
आणि त्या मुद्दाम काढत नव्हत्या.

शेवटच्या ओळीत, दाराजवळ, मगदूम काकू.
"मी दमलो वो, मॅडम."
मी विट्याची, तरी पुण्याच्या सुरात,
"दमलो नाही काकू, दमले म्हणा. आणि अजून आठ!"
हसायच्या सगळ्या. काकूही.
मला वाटायचं, क्लास रंगलाय.

रेहानानं एकदा मोबाईलवर शूटिंग केलं.
रात्री भांडी घासून झाल्यावर बघितलं.
मी "उजवा" म्हणतेय
तेव्हा त्यांचा डावा आधीच हवेत.
परत लावलं. परत तेच.
चूक त्यांच्या पायात नव्हती,
माझा शब्द उशिरा पोचत होता.

मग कपाटासमोर उभी राहून तालीम.
तोंड त्यांच्याकडे करायचं तर
उजवा उचलायचा आणि म्हणायचं डावा,
तेही दोन ठोके आधी.
पोरगा गादीतून म्हणाला, "आई, चुकतीयेस."
बरोबर चुकायला दीड महिना लागला.

हॉलच्या भिंतीवर एक रेघ आहे,
डोक्याच्या वर वीतभर, चहाच्या डागासारखी.
मालक दर दिवाळीला रंग मारतो,
श्रावणात ती परत फुटते.
मला ती सोयीची वाटली.
"हात रेघेपर्यंत! ताणा!"
शकुंतला बिरनाळेंचा हात खांद्याशी थांबायचा.
"अजून वर, शकुंतलाताई, सगळ्यांचा जातोय."
सगळ्यांनी वळून बघितलं.
दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत.
तिसऱ्याही.

काकू चप्पल घालता घालता म्हणाल्या,
"ती रेघ पाण्याची हाय, मॅडम.
महापुरात तिनं शिलाई मशीन एकटीनं माळ्यावर चढीवली.
मशीन वाचली. खांदा गेला."

मी ब्लाउजपीस घेऊन त्यांच्या घरी गेले,
दुसरं काय न्यावं कळेना.
त्यांनी गळ्यातली टेप काढली,
माझ्या दंडाला हात लावायच्या आधी विचारलं,
"वर घेऊ का? दुखत न्हाई न्हवं?"
मग माप घेतलं.

मी वर्षभरात
कुणालाच विचारलं नव्हतं.

माफी मागायची होती. म्हटलं,
"बाही थोडी सैल ठेवा."
त्या म्हणाल्या, "हालचालीला बरी पडती."
चहा झाला. हळदीचं पोतं घेऊन
एक टेम्पो गल्लीत अडकला होता,
तो निघेपर्यंत बसले.

बुधवारी त्या आल्या, काकूंच्या शेजारी उभ्या राहिल्या.
मी म्हटलं, "हात, जिथवर आपला जातो तिथवर."
रेघेचं नाव काढलं नाही.
काहींचे छतापर्यंत गेले, काहींचे कानापर्यंत,
आरशात ओळ वाकडी दिसत होती.
असू दे म्हटलं.

आता आरशाकडे पाठ असते.
कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय,
कोण रात्रपाळी करून आलंय, माहीत असतं.
सगळं जमतं असं नाही.
काल पोराला ताप, मी जागी,
सकाळी मोजणी पाचावरून सातावर गेली,
आणि जुनं ते तोंडातून निघालंच, "एनर्जी!"

दाराजवळून आवाज आला,
"दमलासा काय, मॅडम?"

गाणं चालू होतं. पाय चालू होते.
मी म्हटलं, "दमलो वो, काकू."