बाब दुसरी

जूनचा शेवटचा मंगळवार. बाहेर समुद्र उकळतोय,
आत दात वाजतायत.
काँक्रीटच्या तंबूसारख्या छपराखाली सदस्य जमलेत,
पुढ्यात देशाचा वर्षाचा खर्च, चार खंड, निळं बाइंडिंग.
मी नाजिम परकार, मूळ गाव बाणकोट,
त्या खंडांशेजारी ग्लास ठेवतो
आणि ओघळ पुसतो,
आकड्यांपर्यंत पोचायच्या आत.

अरबी मला येते ती ट्रेएवढी.
तरी कान टवकारतात:
रक्कम. हिशेब. बाकी.
बाणकोटच्या पतपेढीतले शब्द
इथे दिशदाशा घालून बसलेत.

बाब पहिली, पगार.
तिच्यावर अडीच तास, दोनदा आरडाओरड, एकदा नमाजाची सुट्टी.
बाब दुसरी, वस्तू आणि सेवा:
खुर्च्या, टोनर, झुरळांचं औषध,
आणि मी.
टिपणं घेणाऱ्या रिफअतने मागेच बोट ठेवून दाखवलं होतं,
पगारात शोधू नकोस स्वतःला,
टोनरच्या खाली बघ.
कंत्राटी स्वच्छता व आतिथ्य, माणसं चाळीस.

तिसऱ्या रांगेतले जाड चष्म्याचे गृहस्थ उठले.
इतका चहा पितं कोण?
हशा.
दहा टक्के छाटा.
मी त्यांच्याच पेल्यात ओतत होतो,
वेलचीचा, साखर दोन चमचे, त्यांना लागते तशी.
हात हलला नाही.
चाळीसचे दहा टक्के चार.
थॉमस, बिष्णू, परवाच आलेला तो फिरोज...
चौथ्यापाशी मी मोजणं थांबवलं.

मग एकेक नाव पुकारलं.
मुवाफिक. मुवाफिक. मुवाफिक.
मला दर वेळी माफक ऐकू येतं.
एकजण नको म्हणाला. एकजण मोबाइलमध्ये होता.
मंजूर.
छाटून की न छाटता, ते रिफअतलाही धड कळलं नाही,
लेखी येईल, म्हणाला.
सगळं मिळून एका घोटाचा वेळ.
चष्मेवाल्यांनी रिकामा पेला पुढे सरकवला.

रात्री फरवानियातल्या खोलीवरून फोन.
तहसीन वही उघडून बसलेली,
तिच्या सभागृहात हशा चालत नाही.
गेल्या महिन्याचे ते दोन हजार कुठे दाखवू?
मग पुरवणी मागणी:
थोरलीची फी, विहिरीवरचा पंप.
मी पाकिटातले दिनार चाचपले.
मुवाफिक, म्हटलं.
माफक? ती उखडली,
आजकाल पंप माफक मिळतो होय?

चहाचं तिला सांगितलं नाही.