दंड कट्टबेकु

खानापूरच्या कचेरीपुढं, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली
माझं टेबल.
कानडी कागद येतात, मराठी होऊन जातात.
पानाला वीस रुपये. शिक्का असला तर पंचवीस.

काल रवळू मण्णूरकर आला.
भात मळायचं मशीन आहे त्याचं,
दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत खळ्याखळ्यांवर फिरतं.
कागदाची घडी उलगडली, वर तपकिरीची डबी ठेवली,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.
"वाच की गा. कितीला बसलोय तेवढं सांग."

वाचलं.
पट्ट्यावर जाळी नाही. बंद करायचं लाल बटण नाही.
कामगारांना सूचना दिल्याची नोंद नाही.
सैल कपड्यातली बाई यंत्राजवळ उभी केली.
कलम, पोटकलम, तारीख,
आणि तळाला एक ओळ:
तीस दिवसांत दंड कट्टबेकु.

तिथं मी अडलो.
दंड दोन्हीकडं दंडच.
कट्टबेकु म्हणजे भरला पाहिजे.
शब्दाला शब्द लावला तर, बांधला पाहिजे.
"बांधलाय की," रवळू म्हणाला,
"बेळगावात. प्लास्टर घालून."
तो हसला नाही. मीही नाही.

जाळी होती म्हणाला. मीच काढली.
ओल्या भाताचा पेंढा गुंडाळतोय,
तासाला चारदा खोला, झाडा, लावा,
पाठीमागं तीन खळ्यांची माणसं आभाळाकडं बघत उभी.
"जाळी मांगरात हाय. खुडूक कोंबडी झाकलीय तिच्याखाली."

दोनच्या सुमाराला ती आली.
पारव्वा घाडी. उजवा हात गळ्यात,
प्लास्टरातनं बाहेर आलेली बोटं वांग्यासारखी.
रवळूनं स्टूल सोडलं. ती बसली.
"कागदात माझं काय लिवलंय?"
सैल कपड्यातली बाई.
"नाव?"
नाव नाही.

"सैल न्हवतं," ती म्हणाली.
"आईचं लुगडं. मधनं फाटलेलं,
दंड घालून मीच जोडलेलं, दोन तुकड्यांचं एक.
पट्ट्यानं पदर धरला, पदरानं हात नेला,
मान जायची,
तेवढ्यात टर्र झालं. दंडावरच उसवलं.
अर्धं मशीनात गेलं.
अर्ध्यात मी राहिले."
मग माझी फुटपट्टी मागून घेतली,
प्लास्टरात खुपसून बराच वेळ खाजवलं.

"पैसे कुणाला जाणार?"
सरकारात. बँकेत चलन, तीन प्रती.
"दंड माझा मोडला न्हवं?"
रवळू डबी उघडून मिटत राहिला.
दवाखान्याचं मी दिलंय, असं सायकलींना म्हणाला.
"दिलंय. न्हाई कोण म्हणतंय."

"माझाबी एक अर्ज लिव," ती मला म्हणाली.
"नाव घालून लिव. वीस रुपये हा देईल."

आधी मराठीत टाइप करतो, मग कानडी हातानं.
माझ्या यंत्राचा अनुस्वार गेल्या श्रावणात तुटला,
खिळा आहे, टिंब उठत नाही.
सांगायचं राहून गेलं.
ती चौथी शिकलेली, खांद्यावरनं वाकून बघत होती,
एकेक अक्षर बोटाखाली घेत.
"दड?
माझा दड मोडला?
आणि कुठं दडू मी?"

निळं पेन काढलं.
पहिल्या ओळीपासून टिंबं देत खाली आलो,
दंडावर, खंडीवर, पेंढ्यावर,
आणि कुंकवाच्या बोटानं द्यावं तसं जरा जाड
तिच्या नावाखाली, जिथं सही यायची.
सही डाव्या हातानं केली तिनं. वाकडी. वाचता येणारी.

रवळूनं पंचवीस ठेवले. शिक्का नसताना.
डबी उचलली, पायरीवर थांबला,
"कोंबडी उठायला अजून अकरा दिवस हायत.
तवर मशीन बंद ठेवतो."
पारव्वा म्हणाली,
"अंडी माझ्याकडं दे. जाळी आजच लाव."