फट

जुळे सोलापुरात नळ पाचव्या दिवशी येतो,
तोही पहाटे, अर्ध्या झोपेत.
बादल्या, पिंप, पातेली, शेवटी तांब्याही भरून झाला
की उरलेलं पाणी मी गाळून घेते
आणि त्यात मीठ कालवते.
शेजारच्या इंदूबाई यन्नम म्हणतात,
लोक खाऱ्याचं गोडं करायला मशिनी लावतात,
ही बया गोड्याचं खारं करती.

करते खरी.
लिटरला पस्तीस ग्रॅम,
लॅबमधल्या काट्यावर मोजून.

दगड चेन्नईहून आले, थर्माकोलच्या खोक्यात,
वाळके, पांढरे, भोकाभोकांचे,
दिसायला जड, हातात हलके.
कधीकाळी जिवंत होते.
तेवढं मला सांगावं लागलं नाही.
नवी पेठेत जिन्याखालच्या खोलीत
मी अठरा वर्षं कवळ्या करते.
मेणात एकेक दात बसवते,
केसभरही अंतर न ठेवता.
वाटलं, दगड काय, असेच बसतील.

पहिल्या रविवारी भिंत झाली.
घट्ट, सरळ, डावी तशीच उजवी,
मागच्या काचेला पाठ लावून.
पंपाचा झोत तिच्यावर आपटून परत फिरायचा,
मागे गाळ साठायचा.
चौथ्या दिवशी वास आला,
कोंडलेल्या तोंडाचा,
जो मला झोपेतही ओळखू येतो.

मग कमान केली, वाळूवर उभी.
झोतानं तिच्या पायाखालची वाळू नेली.
रात्री दोनला धप्प.
काच वाचली, एवढंच.
आधी दगड, मग वाळू, हे तेव्हा कळलं.
आणि माझ्या हातातलं प्लास्टर इथं चालत नाही, विरघळतं.
अठरा वर्षांत एवढंच एक नीट शिकले होते.

बुधवारी राजन्ना चिलवेरी आले.
चाळीस वर्षं चादरी विणलेला माणूस,
मागाची खटखट कानात ठेवून बाकीचं ऐकू येत नाही.
नवी कवळी आरशात पाहिली,
जिभेनं चाचपली,
आणि काढून माझ्या तळहातावर ठेवली.
"लई गुळगुळीत झालंय, ताई.
म्होरल्या दोन दातांत फट पायजे.
आमची होती. तिच्यात सूत धरून तोडायचो."
आता कुठं सूत तोडता, मी ओरडून विचारलं.
"तोडत न्हाई.
पर जीभ तितंच जाती की."

तासणी लावली. अर्धा मिलिमीटर.
मग अजून थोडं.
त्यांनी शीळ घालून बघितली.
वाजली नाही.
पैसे मात्र पूर्ण दिले.

त्या रात्री कोपरापर्यंत हात खाऱ्या पाण्यात,
तासणीनं कापलेलं बोट चुरचुरत होतं.
रचलं कमी, काढलंच जास्त.
पाच दगड बादलीत परत गेले.
तीन राहिले तळाला, चुलीचे मांडतात तसे,
मागची काच चार बोटं मोकळी,
वर एक आडवा, जरा कलता.
मधे फट.
माझा हात घासणीसकट जाईल एवढी,
आणि पलीकडचं सगळं दिसणार नाही एवढी.

वाळूचा एक कण उडाला,
फटीतून आत गेला.
बऱ्याच वेळानं मागून वळसा घालून पुढे आला,
किंवा तो दुसराच असेल.
मी चहा गार होईपर्यंत बघत होते.

मासा अजून नाही. महिनाभर तरी नाही.
पाण्याला आधी मुरावं लागतं.
बाहेर बेचाळीस अंश;
सकाळी पाणी दोन बोटं उतरलेलं.
उडून जातं ते गोडं, मीठ जागचं हलत नाही,
म्हणून भर घालायची ती गोड्याचीच.
पिंपातला एक तांब्या हळूच ओतला,
हिशेबातला, उद्याच्या भांड्यांचा.

इंदूबाई दारातून वाकून बघत होत्या.
झालं का गं तुझं घर, म्हणाल्या.
मग काचेला नाक लावून,
बराच वेळ काही न बोलता,
"ही एवढी बुजवायची ऱ्हायली की."