कळण्याचं पीठ

सावद्याच्या स्टेशनामागं, केळीच्या वखारीच्या
ओस पडलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये
फिरके सर आम्हाला पडायला शिकवायचे.
महिनाभर फक्त पडायला.
गोणपाटात केळीची वाळकी पानं भरून शिवलेली गादी,
अंगभर खाज, वेणीत कचरा,
आणि घरी सांगितलेलं, शिवणकामाचा क्लास.
आईनं सहा महिन्यांत एक ब्लाउज मागितला नाही.

का आलात, सरांनी कुणाला विचारलं नाही.

भिंतीवर खडूनं काढलेलं झाड,
मुळांशी जपानी नावं, सरांच्या किरट्या अक्षरात.
एका मुळातून पकड आणि फेक,
दुसऱ्यातून ठोसा, लाथ,
तिसऱ्यातून नुसतं वळणं:
येणाऱ्याला येऊ द्यायचं,
दारासारखं बाजूला व्हायचं.
"हे सगळं कुणीतरी एका जात्यात घातलं."
कुणी, सर?

वरणगावच्या फॅक्टरीत दरवान असताना
त्यांना एका हवालदारानं शिकवलं.
हवालदाराला कोलकात्याच्या गोदीतल्या कुणी,
त्याला म्हणे कोबेच्या एका खलाशानं.
"आणि खलाशी काय, थापाही मारत असेल."

शेवटी मी आईला खरं सांगितलं.
ती कळण्याची भाकरी थापत होती.
हाताचा ताल चुकला नाही.
"ज्वारी, उडीद, चिमूटभर मीठ.
दळल्यावर कोन काय, निवडशील का आता?
कोठून आलं काय पुसतं व माय,
पचलं का ते पाह्य."

खांद्यावरची फेक मात्र कुणालाच जमेना.
सर मोजून दाखवायचे, पाय इथे, कंबर इथे,
आम्ही मोजतच राहायचो.
कोकिळा तायडे कोपऱ्यात उभी.
सुट्टीत बापाबरोबर घड वाहणारी,
मानेवर चुंबळीचा काळा डाग.
एका संध्याकाळी तिनं मोजलं नाही.
गुडघ्यात बसली, घडाखाली शिरतात तशी
सरांच्या खाली शिरली,
आणि उठली.

वाळकी पानं कडकडली.
सर उताणे, पत्र्याच्या भोकांतून आभाळ बघत,
इतका वेळ, की आम्ही घाबरलो.

मग उठले. झाडाजवळ गेले.
बाजूनं एक नवं मूळ काढलं, बारीक, वाकडं,
आणि थांबले.
नाव लिहिलं नाही.
खडू संपला, म्हणाले.

त्यांच्या खिशात दुसरा होता.
मी पाहिला होता.