पोच

पावती मीच फाडली होती.
निळ्या कार्बनखाली तीन प्रती, तिसरी नेहमीसारखी पुसट.
कोमोदोरोहून सार्मिएन्तोकडच्या तेलविहिरीवर,
एक लाकडी खोकं, खोक्यात शिशाचं भांडं,
भांड्यात करंगळीच्या पेराएवढी पोलादी कुपी,
कुपीत सीझियम. दिसायला मिठासारखं असतं म्हणे.
वजन एकोणीस किलो.
ते सगळं राखणाऱ्याचं.
राखलेल्याचं वजन काट्यावर आलंच नसतं.

पिकअपच्या मागच्या फळीची कडी तारेनं बांधलेली.
मी पाहिली होती. "बदलून घे," म्हणालेही होते.
एवारिस्तो सही करता करता हसला,
"इकडे सगळं तारेवरच टिकलंय, नेलिदा."

विहिरीवर पोचला तेव्हा फळी लोंबत होती
आणि मागे नुसती ताडपत्री फडफडत होती.

ब्युनोस आयर्सहून माणसं आली,
कोऱ्या बुटांची, हातात टिकटिकणारी यंत्रं घेऊन.
दीडशे किलोमीटर चालली, दोन्ही कडांनी.
डोळ्यांत तेल घालून शोधलं; तेलाला आमच्याकडे तोटा नाही.
सापडलं ते असं: चाकाच्या तीन टोप्या,
तारेत अडकून वाळलेला गुआनाको,
लहान मुलाचा एकच बूट.
यंत्र एकदाच ओरडलं, एका करड्या खडकापाशी.
तो जन्मापासूनच तसा होता.

तेराव्या दिवशी सामान आवरताना
त्यांच्यातला एक तरुण मला म्हणाला,
"तीस वर्षांत अर्धं होईल."
"आणि उरलेलं?"
"त्याचं अर्धं, पुढच्या तीसात."
"म्हणजे संपतं कधी?"
त्यानं यंत्र पेटीत नीट झोपवलं.
"संपत नाही. आपल्याला मोजता येईनासं होतं."

कंपनीनं फाइल मिटली.
वाऱ्यावर सोडणं म्हणजे काय
ते आमच्या गावात शब्दशः कळतं.

एवारिस्तो मात्र दर रविवारी जायचा,
काठीनं झुडपं बाजूला सारत, सोळा वर्षं.
मग हृदय बंद पडलं त्याचं.
साधंच मरण, डॉक्टर म्हणाले.
त्याची बायको अजून विचारते मला, बाजारात, बँकेच्या रांगेत:
साधं म्हणजे नक्की साधंच ना?

गेल्या डिसेंबरात मी चेरी आणायला गेले,
सार्मिएन्तोच्या अलीकडे, योहाना व्हिसरच्या मळ्यावर.
वारा दार आपटत नव्हता.
दाराशी एक भांडं होतं, हिरव्या रंगाचे हात दिलेलं,
आणि रंगाखाली उंचवट्यासारखा एक आकडा.
चव्वेचाळीसशे एकाहत्तर.
मी वाचला नाही. मला तो येत होता.

"हे कुठलं?"
"आमच्या धाकट्याला सापडलं, मेंढरांमागे असताना.
छान जड आहे. किती वर्षं झाली, दार हललं नाही."
"आणि आत?"

तिनं टोपली माझ्याकडे सरकवली, उजव्या हातानं.
डावा एप्रनच्या खिशात होता,
मी आल्यापासून तिथेच.
"आत काय असणार," ती म्हणाली,
"आता रिकामंच आहे."

धाकटा कुठे असतो हे मी विचारलं नाही.
पैसे मोजून दिले. तिनं मूठभर चेरी वर घातल्या.

घरी आल्यावर खालचा खण उपसला.
तिसरी प्रत मिळाली.
'एकोणीस किलो' अजून वाचता येतं,
एवारिस्तोची सहीही, वाकडी असून.
माझी उडून गेली आहे.
शेवटच्या चौकटीत, 'माल पोचला' याच्यापुढे,
कोणी काहीच लिहिलेलं नाही.

पोचला होता, इतकंच.

फोन पुढ्यात घेऊन बसले आहे.
चेरी टेबलावर आहेत,
धुतलेल्या.