कल्ल्यातले पंधरा दिवस

जागा एक. अर्ज एकेचाळीस.
शिष्यवृत्ती तीन वर्षं, पुढचं पुढे.
मी, त्रिशला नेमगोंडा मगदूम, वय चौतीस,
तासिका तत्त्वावर सहा वर्षं बेडूक शिकवलेली,
निळ्या फाइलीत हरिपूरच्या संगमाचा नकाशा घेऊन
बाकड्यावर बसले होते.

"नदीतले शिंपले," विषय वाचून
टेबलापलीकडचे एक सर हसले,
"मोती सापडले का?"

नाही सर. पिल्लं सापडली.
वाळूच्या कणाएवढी, दोन झडपांची.
शिंपल्याला पाय एकच, तोही चिखलापुरता,
आणि जायचं असतं प्रवाहाच्या उलट, वर.
म्हणून त्याचं पिल्लू माशाच्या कल्ल्याला चिकटतं,
पंधराएक दिवस राहतं रक्ताशेजारी
आणि कुठल्यातरी अनोळखी वळणावर
हात सोडून देतं.

"मग हे परजीवन झालं, बाई.
सहजीवन कसं म्हणता?"

मी पाणी प्याले. ग्लास स्टीलचा होता, तळाशी कुणाचं तरी नाव कोरलेला.

तेवढंच मोजायचंय मला, सर.
मासा देतो किती, आणि परत मिळतं का काही,
मिळालं तर त्याच माशाला, की त्याच्या पणतूला.
एक शिंपला दिवसाला घागरभर तरी पाणी गाळतो.
हरिपूरचे सिदूआप्पा भोई म्हणतात,
शिंपले दाट तिथं तळ दिसतो,
तळ दिसतो तिथं खवली अंडी टाकते.
त्यांना हे चाळीस वर्षं माहीत आहे.
माझ्याकडे अजून आकडे नाहीत.

एवढं बोलले.
"प्रेरणा?" या प्रश्नाला मात्र
लहानपणापासून निसर्गाची आवड, असं काहीतरी.

समडोळीच्या आडावर आई पाणी गाळायची,
दुहेरी फडक्यातून, घागरीच्या तोंडाशी.
गाळून झालं की फडकं उलटं करून
गाळल्या पाण्यानं धुवायची
आणि ते धुवण, ती जीवाणी,
पुन्हा त्याच आडात सोडायची,
बादली पार पाण्याला टेकवून, आवाज न करता.
शेजारच्या आडात नाही.
"ज्याचं गाव त्याला."
काय आहे गं त्यात?
"दिसत नाही ते आहे."

पुढं कॉलेजात तिला एकदा सूक्ष्मदर्शकापाशी नेलं.
चप्पल दाराबाहेर काढून आत आली.
बराच वेळ डोळा लावून उभी.
मग म्हणाली, "एवढी घाई कशाची गं यांना?"

तिला मी अजून सांगितलेलं नाही
की कल्ला उघडायला मासा मेलेला लागतो.
मी मारत नाही.
सिदूआप्पांच्या जाळ्यात आधीच मेलेले घेते.
हा फरक अर्जात
कुठल्या रकान्यात लिहायचा होता?

आणि बंधारा तर राहूनच गेला सांगायचा.
दिवाळीनंतर बरगे बसतात.
खवली तिथवर येते, नाक लावते, परत फिरते.
तिच्या कल्ल्यातले प्रवासी
मध्येच उतरतात, मळीच्या वासात, काळ्या गाळात.
बंधाऱ्याच्या वर गेल्या मार्चात
एकच शिंपला मोजला मी.
पाठीवर बावीस रेघा. आसपास पोर नाही एक.

पत्र आलं. प्रतीक्षा यादी, क्रमांक दोन.

दुसऱ्या दिवशी सहाला हरिपुरात.
सिदूआप्पांनी ओल्या पोत्यात दोन खवल्या राखलेल्या.
"पगार सुरू झाला?"
नाही.
"बस मग. सरकून बस, पाणी शिरतंय तिकडनं."

नाव संगमाच्या जरा वर आली
तशी मी पिशवीतून कालची बाटली काढली,
झाकण उघडलं, हात कोपरापर्यंत खाली नेला
आणि नमुना सोडला, जिथला होता तिथं.

आप्पा वल्हं थांबवून बघत राहिले.
"नदीला काय पाणी कमी पडलंय काय गं?"